भिंतीवरचं मातीचं घर लगेच पाडू नका!

खिडकीच्या कोपऱ्यात मातीचा गोळा चिकटलेला दिसला, तर तो बहुधा कुंभारीण माशीचा. बारीक कंबरेची ही माशी एकटीच राहते. आत अंडं घालते आणि अळीसाठी डंख मारून लुळे केलेले कोळी किंवा सुरवंट कोंबून ठेवते. हाताने धरल्याशिवाय ती सहसा डसत नाही. गोळ्याला गोल भोकं पडली असतील तर पिल्लं उडून गेलीत, खुशाल खरवडा.

गांधीलमाशीचं प्रकरण वेगळं. छपराखाली बारीक देठाला लटकलेलं, करड्या कागदासारखं, उघड्या षटकोनी घरांचं पोळं तिचं. वावराच्या वाटेत नसेल तर राहू द्या, बागेतल्या अळ्या तीच फस्त करते. दाराशीच असेल तर जाणकाराला बोलवा. दगड, पेटता बोळा अजिबात नको. डसल्यावर बर्फ लावा. धाप लागली किंवा चेहरा सुजला तर तडक दवाखाना गाठा.