खुंटावरचा आकडा

जमिनीत ठोकलेला लाकडी खुंट. त्यावर नाव नाही, नुसता आकडा. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात, अँडरसनव्हिलला, १८६५ साली असे हजारो खुंट रांगेत उभे होते. कुठल्या आकड्याखाली कोण निजलंय, हे एका यादीत लिहिलेलं होतं.

यादवी युद्धात दक्षिणेच्या सैन्याने फेब्रुवारी १८६४ मध्ये इथे युद्धकैद्यांचा तळ उघडला. चौदा महिन्यांत उत्तरेचे सुमारे ४५,००० कैदी आले. उपासमार, स्कर्व्ही आणि हगवणीने त्यांतले जवळपास १३,००० दगावले. लांब चर खणून प्रेतं शेजारीशेजारी पुरत. पेटी नाही, काही नाही.

तळाच्या रुग्णालयात मृतांची नोंद ठेवायचं काम आलं डोरेन्स ॲटवॉटर या कैद्याकडे. वय एकोणीस! नाव, पलटण, तारीख, आजार आणि अनुक्रमांक. तोच क्रमांक मृताच्या उशाशी खुंटावर. एवढीशी सांगड, पण तिच्यामुळे ती वही म्हणजे अख्ख्या दफनभूमीचा नकाशाच झाली. ही नोंद घरच्यांपर्यंत कधीच पोचणार नाही, असं त्या पोराला वाटलं. त्याने गुपचूप दुसरी प्रत उतरवली आणि सुटका झाली तेव्हा कोटाच्या अस्तरात दडवून बाहेर आणली.

आणि मग यादी अडली, तीही आपल्याच माणसांच्या दारात. वॉशिंग्टनच्या युद्धखात्याने ती ठेवून घेतली. छापून मात्र निघेना. इकडे बेपत्ता सैनिकांचा शोध घेणाऱ्या क्लारा बार्टन यांच्याकडे पत्रांचा पूर लोटला होता. पुढे पत्रांचा आकडा ६३,००० वर गेला. मृत्यूचा पुरावा नसेल तर विधवेला निवृत्तिवेतन मिळेना. नवरा परत येईल म्हणून वाट पाहायची, की सुतक पाळायचं? एका ओळीच्या नोंदीवाचून घरंच्या घरं अशी टांगलेली होती.

१८६५ च्या उन्हाळ्यात बार्टन आणि ॲटवॉटर सैन्याच्या तुकडीबरोबर अँडरसनव्हिलला गेले. हाती लागलेल्या रुग्णालयाच्या नोंदी आणि युद्धखात्याकडची ही यादी जोडून आकड्यांना नावं मिळाली. अनोळखी राहिली जेमतेम ४६०. तेरा हजारांत ४६०! मला हे आजही अद्भुत वाटतं.

पण ॲटवॉटरने ती यादी खात्याला परत दिली नाही, म्हणून तिच्याच चोरीचा आरोप ठेवून लष्करी न्यायालयाने त्याला अठरा महिन्यांची सक्तमजुरी ठोठावली. हे वाचताना जीव कळवळतो. सुमारे दोन महिन्यांनी तो सुटला आणि १८६६ च्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या ‘ट्रिब्यून’ने यादी छापली. पंचवीस सेंटांत ती कुणालाही विकत घेता येऊ लागली.

लाकडी खुंटांच्या जागी आता पांढरे दगड आहेत, आणि आकडे तेच. १ क्रमांकाखाली ॲडम स्वार्नर आहे. त्याचा भाऊ जेकब ४००५ क्रमांकाखाली.