मंगळवारची सुनावणी

मेलबर्न : सायखेड्याच्या बाजारात कांद्याचा ट्रॅक्टर लावलेल्या शेतकऱ्याला पुकारलेला भाव पटला नाही, तर तो माल परत नेऊ शकतो. पण उद्या भाव चढेलच याची हमी नसते, आणि भाडे मात्र अंगावर पडते. मेलबर्नमधल्या फुटबॉल क्लबांपुढे हिवाळ्यात दर आठवड्याला असाच पेच असतो. खेळाडूवर बंदी आली; ती मुकाट्याने सोसायची की आव्हान द्यायचे?

हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे. मैदान अंडाकृती, प्रत्येक बाजूला १८ खेळाडू. चेंडू हातात धरायची मुभा आहे आणि खांद्याची धडक नियमातच बसते. एएफएल या मुख्य लीगमध्ये लाल कार्ड नाही. प्रतिस्पर्ध्याला बेशुद्ध पाडणाराही शेवटपर्यंत खेळू शकतो; हिशेब होतो तो नंतर. अधिकारी चित्रफीत पाहतो. कृती मुद्दाम होती की निष्काळजी, आघात किती जोराचा, लागले डोक्याला की अंगाला, हे ठरले की ठरीव कोष्टकातून बंदीचे सामने निघतात. क्लबला ते अमान्य असेल तर सहसा मंगळवारी संध्याकाळी न्यायाधिकरण बसते. तिथे दोन्हीकडून वकील उभे राहतात. त्याच्याही वर अपील मंडळ आहे.

पूर्वी गुन्हा लगेच कबूल केला की बंदीत सूट मिळे. त्यामुळे आपण निर्दोष आहोत असे वाटणारा खेळाडूही नाइलाजाने मान खाली घाली. २०१८मध्ये ती सूट गेली आणि हरणाऱ्या क्लबला १०,००० डॉलरचा भुर्दंड आला. हा बदल न्याय्यच होता. सौद्यापायी कबुली देण्यापेक्षा पैशाची जोखीम बरी.

एका सामन्याच्या बंदीची किंमत किती असू शकते, हे १९९७मध्ये ख्रिस ग्रँटला कळले. मोसमातल्या सर्वोत्तम आणि सर्वांत सभ्य खेळाडूला ब्राउनलो पदक मिळते. त्या वर्षी सर्वाधिक मते ग्रँटची होती, पण एका सामन्याच्या बंदीमुळे तो अपात्र ठरला. पदक रॉबर्ट हार्वेच्या गळ्यात पडले.

ऑगस्ट २०२२मध्ये कार्लटनचा कर्णधार पॅट्रिक क्रिप्स त्याच कड्यावर उभा होता. चेंडूसाठी उडी घेताना त्याची धडक ब्रिस्बेनच्या कॅलम आ चीला बसली आणि आ चीच्या मेंदूला मार लागला. दोन सामन्यांची बंदी न्यायाधिकरणाने कायम केली. अपील मंडळाने ती रद्द केली, कारण क्रिप्सला नैसर्गिक न्याय मिळाला नव्हता. पुढच्याच महिन्यात पदक त्याचे झाले. कायद्याच्या दृष्टीने निकाल बरोबर असेल, पण आ चीच्या डोक्याचा प्रश्न त्यात सुटला नाही.

अपील उलटही फिरते. २०२१मध्ये पंचाला धक्का देणाऱ्या टोबी ग्रीनला तीन सामन्यांची बंदी झाली. ती कमी वाटल्याने लीगच अपिलात गेली आणि शिक्षा सहा सामन्यांवर पोचली.

मराठी वाचकाला ऑस्ट्रेलियातली अशी एक सुनावणी आठवत असेल. २००८च्या सिडनी कसोटीनंतर हरभजन सिंगवर तीन कसोटींची बंदी आली. ॲडलेडला न्यायमूर्ती जॉन हॅन्सन यांच्यापुढे सचिन तेंडुलकरने साक्ष दिली. वर्णद्वेषाचा आरोप टिकला नाही, बंदी उठली, दंड तेवढा राहिला. आपल्याकडच्या कुस्तीचेही तसेच : फेब्रुवारी २०२५मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत पंचांच्या निर्णयावरून आखाडा तापला. शिवराज राक्षे आणि महेंद्र गायकवाड यांना तीन वर्षांसाठी निलंबित केले गेले. पैलवानाची तीन वर्षे म्हणजे उमेदीचा मोठा तुकडा. अशा शिक्षेआधी वकील, चित्रफीत आणि कारणांसह जाहीर निकाल हा प्रत्येक खेळाडूचा हक्क असला पाहिजे.

मात्र मेलबर्नच्या या व्यवस्थेत जखमी खेळाडू बहुधा वैद्यकीय अहवालापुरताच उरतो. सप्टेंबर २०२३मध्ये कॉलिंगवूडचा ब्रेडन मेनार्ड समोरच्याची किक अडवायला उंच उडाला आणि मेलबर्न क्लबच्या अँगस ब्रेशॉवर आदळला. ब्रेशॉ जागीच बेशुद्ध झाला. न्यायाधिकरणाने मेनार्डला निर्दोष ठरवले. तो अंतिम सामना खेळला, त्याचा संघ विजेता झाला. लीगने पुढच्या मोसमाआधी अशा उडीचा नियम कडक केला. फेब्रुवारी २०२४मध्ये, वयाच्या २८व्या वर्षी, डॉक्टरांच्या सल्ल्याने ब्रेशॉ निवृत्त झाला.