फायबर पोर्टात खोचण्याआधी : आठ गैरसमज आणि वस्तुस्थिती

ऐरोली-महापेचे डेटा सेंटर असो की तालुक्याच्या गावातल्या केबलवाल्याची खोली, राउटरवरचा लिंकचा दिवा विझला की पहिला संशय मॉड्यूलवर जातो. ते बदलूनही लिंक आली नाही तर पॅचकॉर्ड बदलायची, आणि शेवटी राउटरच्या नावाने बोटे मोडायची, हा ठरलेला क्रम. दोष मात्र बऱ्याचदा या तिघांतही नसतो. तो असतो दोन काचांच्या सांध्यात, नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या घाणीत.

ऑप्टिकल ट्रान्सिव्हर, म्हणजे बोलीभाषेतला एसएफपी, विजेच्या संकेतांचे लेसरच्या प्रकाशात रूपांतर करून तो फायबरमध्ये सोडतो आणि समोरून आलेला प्रकाश पुन्हा विजेत बदलतो. बोटभर लांबीचे हे मॉड्यूल आणि त्यात खोचायची फायबर यांच्याबद्दल अनेक समजुती रूढ आहेत. त्यातल्या आठ तपासून पाहू.

गैरसमज १ : कनेक्टर स्वच्छ दिसतो, म्हणजे स्वच्छ आहे.

वस्तुस्थिती : सिंगल-मोड फायबरची काच १२५ मायक्रॉन जाडीची असते आणि प्रकाश वाहून नेणारा तिचा गाभा असतो जेमतेम ९ मायक्रॉनचा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा धरला, तर गाभा त्याच्या आठव्या हिश्शाएवढा. त्यावर बसलेला चार-पाच मायक्रॉनचा कण डोळ्यांना दिसणे शक्यच नाही, पण प्रकाशाची वाट अडवायला तो पुरेसा आहे.

काचेतून प्रकाश दूरवर का जात नाही, याचे कारण खुद्द काच नसून तिच्यातली अशुद्धता आहे, असे चार्ल्स काओ यांनी १९६६ मध्ये मांडले. या कामासाठी २००९ चे भौतिकशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. आज फायबरची काच इतकी शुद्ध बनते की १५५० नॅनोमीटरच्या प्रकाशात किलोमीटरमागे सुमारे ०.२ डीबीच (डेसिबल) घट होते. म्हणजे मळलेल्या एका कनेक्टरने १ डीबी खाल्ला, तर पाच किलोमीटर फायबरमध्ये होणारी घट त्या एका सांध्यावर झाली.

घाण नुसती प्रकाश अडवून थांबत नाही. कनेक्टर जोडताना दोन्ही बाजूंच्या काचा एकमेकींवर दाबल्या जातात. मध्ये कठीण धूलिकण सापडला तर काचेला खड्डा पडतो, आणि तो पुसून जात नाही. शिवाय डोळे आलेल्याचा रुमाल घरभर फिरावा तशी एका कनेक्टरची घाण पॅचकॉर्डबरोबर पोर्टापोर्टांत पसरते. म्हणून टोक पाहायचे ते फायबर मायक्रोस्कोपनेच. कुठे किती ओरखडे आणि कण चालतील, हे आयईसीच्या मानकांत ठरवून दिले आहे. गाभ्याच्या भागासाठी तिथले नियम सर्वांत कडक आहेत.

गैरसमज २ : पाकिटातून आत्ताच काढलेली पॅचकॉर्ड पुसावी लागत नाही.

वस्तुस्थिती : टोकावरची टोपी धक्क्यापासून वाचवते, स्वच्छतेची हमी देत नाही. टोपीच्या आतली धूळ आणि प्लास्टिकचा सूक्ष्म अंश काचेवर उतरू शकतो. नवी असो वा जुनी, प्रत्येक पॅचकॉर्ड जोडण्याआधी तपासायची. काढलेल्या टोप्या खिशात न टाकता स्वच्छ, बंद पिशवीत ठेवायच्या. रिकाम्या मॉड्यूलच्या तोंडालाही टोपी हवीच.

गैरसमज ३ : शर्टाला पुसले किंवा फुंकर मारली की काम भागते.

वस्तुस्थिती : कापडाचे तंतू आणि बोटांचा तेलकटपणा काचेवर बसतो, फुंकरीबरोबर थुंकीचे बारीक थेंब जातात. डब्यातल्या हवेचा फवारा सुटी धूळ उडवतो, पण चिकटलेले तेल तसेच राहते. नेहमीच्या सफाईला ‘क्लिक’ आवाज करणारा कोरडा पेन-क्लीनर पुरतो. एलसी कनेक्टरला १.२५ मिलिमीटरचा आणि एससीला २.५ मिलिमीटरचा घ्यायचा. डाग हट्टी असेल तर तंतू न सोडणाऱ्या वाइपवर ९९ टक्के शुद्धतेच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब टाकून टोक पुसायचे आणि लगेच कोऱ्या भागावर कोरडे करायचे. पाणी मिसळलेले स्पिरिट वाळताना डाग सोडते. मॉड्यूलच्या तोंडात कोणताही द्रव ओतायचा नाही.

गैरसमज ४ : टोकातून उजेड दिसत नाही, म्हणजे सिग्नल बंद आहे.

वस्तुस्थिती : आपल्याला साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरचा प्रकाश दिसतो. फायबरमधला प्रकाश बहुधा ८५०, १३१० किंवा १५५० नॅनोमीटरचा, म्हणजे अदृश्य असतो. तो दिसत नसल्याने पापणीही आपोआप मिटत नाही, आणि ८५० नॅनोमीटरचा प्रकाश तर थेट दृष्टिपटलापर्यंत पोहोचतो. त्यामुळे टोक डोळ्यासमोर धरून ‘बघणे’ ही सवय मोडलीच पाहिजे. मायक्रोस्कोप लावण्याआधी त्या फायबरमध्ये प्रकाश नाही याची खात्री करायची. मोबाइलच्या कॅमेऱ्यावरही भिस्त नको : १३१० आणि १५५० नॅनोमीटरचा प्रकाश त्याच्या सिलिकॉन सेन्सरला टिपता येत नाही. खात्रीचे साधन म्हणजे पॉवर मीटर.

गैरसमज ५ : पॉवर जितकी जास्त, तितकी लिंक चांगली.

वस्तुस्थिती : प्रकाशाची पॉवर डीबीएममध्ये मोजतात आणि तो आकडा बहुधा ऋण असतो, म्हणून उणे ५ हा उणे २० पेक्षा मोठा. दर ३ डीबीला प्रकाश निम्मा होतो, १० डीबीला दहावा हिस्सा उरतो. पण अतिप्रकाशही घातक ठरतो. ४० किलोमीटरसाठीचे दहा गिगाबिटचे ‘ईआर’ मॉड्यूल अधिक ४ डीबीएमपर्यंत प्रकाश सोडू शकते, आणि त्याच जातीच्या रिसिव्हरची मर्यादा उणे १ डीबीएम आहे. अशी दोन मॉड्यूल्स एकाच खोलीत छोट्या पॅचकॉर्डने जोडली, तर चुकांचा पाऊस पडतो, रिसिव्हर कायमचा निकामीही होऊ शकतो. मध्ये प्रकाश कमी करणारा अटेन्युएटर लावल्याशिवाय अशी चाचणी करायची नाही.

गैरसमज ६ : खाचेत बसले, म्हणजे चालणार.

वस्तुस्थिती : एक गिगाबिटचे एसएफपी आणि दहा गिगाबिटचे एसएफपी-प्लस यांचा आकार एकच आहे. आकार जुळला म्हणून वेग जुळत नाही. दहा गिगाबिटचे ‘एसआर’ मल्टिमोडच्या ओएम-३ फायबरवर ३०० मीटर जाते, ‘एलआर’ सिंगल-मोडवर १० किलोमीटर. एकाच तारेवर येजा करणारी ‘बायडी’ मॉड्यूल्स जोडीने घ्यावी लागतात : उदाहरणार्थ, एक १३१० वर बोलते, तर दुसरे १४९० वर. दोन्ही टोकांना एकच जात लावली तर लिंक येणारच नाही.

कनेक्टरचे रंगही शोभेसाठी नसतात. हिरव्या एपीसी कनेक्टरचे टोक ८ अंशांत तिरके घासलेले असते, निळ्या यूपीसीचे तसे नसते. घरच्या फायबर जोडणीत अनेकदा हिरवा दिसतो, राउटरच्या मॉड्यूलला बहुधा निळा लागतो. हिरवा निळ्यात खोचला तर काचा नीट भिडत नाहीत आणि इजा होऊ शकते.

गैरसमज ७ : वाकलेली फायबर तुटली नाही, म्हणजे ठीक आहे.

वस्तुस्थिती : काच तुटण्याच्या बरीच आधी वाकलेल्या जागी प्रकाश बाहेर गळू लागतो, आणि १३१० पेक्षा १५५० नॅनोमीटरवर ही गळती जास्त. केबलच्या जाडीच्या दहापट त्रिज्या राखावी आणि ओढताना वीसपट, हा सोपा हिशेब. ३ मिलिमीटरच्या पॅचकॉर्डला म्हणजे किमान ३ सेंटिमीटर. वाक सोसणारी जी.६५७.ए२ जातीची फायबर ७.५ मिलिमीटरपर्यंत चालते. रॅकमध्ये प्लास्टिकचे टाय करकचून आवळण्याऐवजी वेल्क्रोची पट्टी सैल बांधावी.

गैरसमज ८ : मॉड्यूल चालू राउटरमधून काढता येते, म्हणजे कसेही ओढले तरी चालते.

वस्तुस्थिती : राउटर बंद करावा लागत नाही, एवढाच त्या सोयीचा अर्थ. आधी मनगटाला स्थिर विजेपासून वाचवणारा पट्टा, मग फायबर काढायची, मग मॉड्यूलची कडी सोडवून ते सरळ बाहेर घ्यायचे. मागच्या सोनेरी पट्ट्यांना बोट लावायचे नाही. विनाकारण काढघाल केल्याने मॉड्यूल आणि पोर्ट दोन्ही झिजतात.

आणि काढण्याआधी मॉड्यूलला काय म्हणायचे आहे ते वाचावे. बहुतेक मॉड्यूल्स राउटरला पाच आकडे कळवतात : तापमान, व्होल्टेज, लेसरचा करंट, पाठवलेली पॉवर आणि मिळालेली पॉवर. पाठवलेली पॉवर ठीक आणि मिळालेली कमी असेल, तर दोष वाटेत किंवा समोरच्या टोकाला शोधायचा. लेसरचा करंट महिनोन्‌महिने चढत असेल, तर ते मॉड्यूल थकत चालले आहे.

सुट्या मॉड्यूल्सची पुढची ऑर्डर देण्याआधी त्यात एक फायबर मायक्रोस्कोप आणि पेन-क्लीनर घाला, आणि रॅकच्या दारावर चार शब्द चिकटवा : तपासा, पुसा, पुन्हा तपासा, मगच जोडा.