भाडेकरार : विश्वासाला कागदाची जोड

नांदेड–देगलूर रस्त्यावरील नायगावसारख्या तालुक्याच्या गावी आपल्या समाजातील बहुतेक कुटुंबांचे जागेशी दुहेरी नाते असते. बाजारपेठेतील आजोबांच्या काळची दुकानाची जागा दुसऱ्याच्या मालकीची, तर घरामागे बांधलेल्या दोन खोल्यांत एखादे शिक्षक किंवा तहसील कार्यालयातील कर्मचारी भाड्याने राहतात. सकाळी दुकान उघडताना आपण भाडेकरू असतो आणि संध्याकाळी घरी परतताना घरमालक. त्यामुळे भाड्याच्या अटींकडे एकाच बाजूने पाहणे आपल्याला परवडणारे नाही. दुकानात जी अट आपल्याला जाचक वाटते, तीच घरी आपण दुसऱ्यावर लादत नाही ना, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाने स्वतःला विचारावा असा आहे.

मराठवाड्यातील पूर्वीचे भाडेव्यवहार मुख्यतः शब्दावर चालत. फार झाले तर वहीत एक नोंद अथवा साधी भाडेचिठ्ठी. त्या पिढीने तो शब्द पाळला, हे खरे. परंतु शब्द देणारे आणि घेणारे दोघेही आज हयात नसतात. मालकाच्या बाजूला चार वारस उभे राहतात, भाडेकरूच्या बाजूला तीन भाऊ विभक्त होतात आणि ‘काय ठरले होते’ हे सांगणारा कोणी उरत नाही. जे वाद न्यायालयात पंधरा-वीस वर्षे रेंगाळतात, त्यांपैकी अनेकांचे मूळ कोणाच्या लबाडीत नसते. ते न लिहिलेल्या अटींत असते.

कायद्याची पार्श्वभूमी

मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचा भाग होता. म्हणून येथे दीर्घकाळ हैदराबादचा १९५४ चा घरभाडे नियंत्रण कायदा लागू राहिला. पश्चिम महाराष्ट्रात १९४७ चा मुंबई भाडे कायदा होता, तर विदर्भात मध्यप्रांत-वऱ्हाडची वेगळी व्यवस्था होती. मुंबई कायद्यातील ‘प्रमाणित भाडे’ जवळजवळ १९४० च्या पातळीवर गोठवले गेले होते. मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यात १९ डिसेंबर १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही गोठवणूक कालांतराने अवाजवी व मनमानी ठरल्याचे स्पष्ट केले. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून तिन्ही जुन्या कायद्यांची जागा त्याने घेतली.

या अधिनियमाने जुन्या भाड्यात दरवर्षी ४ टक्के वाढ करण्याचा हक्क मालकाला दिला. हिशेब करून पाहावा. सन २००० मध्ये ३०० रुपये भाडे असलेल्या दुकानाचे भाडे चक्रवाढीने धरले, तरी पंचवीस वर्षांनी ते सुमारे ८०० रुपयेच होते. शेजारचाच नवा गाळा त्याच्या दसपट भाड्याने जात असेल, तर मालकाच्या मनात खंत निर्माण होणे स्वाभाविक आहे. दुसरीकडे, त्याच दुकानावर भाडेकरूच्या कुटुंबाने तीन पिढ्यांची पेढी उभी केलेली असते. दोघांचेही म्हणणे रास्त असल्यामुळेच येथे कायद्यापेक्षा वाटाघाटीला अधिक मोल आहे.

कायद्याचे संरक्षण सर्वांनाच नाही, हेही लक्षात घ्यावे. बँका, सार्वजनिक उपक्रम आणि १ कोटी रुपये किंवा अधिक भरणा झालेले भांडवल असलेल्या कंपन्या यांना दिलेल्या जागा या अधिनियमाच्या बाहेर आहेत. बँकेतील नोकरीत शाखांच्या जागांचे करार पाहण्यात आले, तेव्हा या तरतुदीचा अर्थ कळला. संरक्षण नसल्यामुळे बँकांना प्रत्येक अट आधीच लिहून घ्यावी लागते : चटई क्षेत्राची संयुक्त मोजणी, मुदत, नूतनीकरणाचा पर्याय, त्या वेळची भाडेवाढ, दुरुस्ती, कर. सामान्य व्यापाऱ्याने बँकेकडून कर्जाखेरीज शिकण्यासारखी गोष्ट असेल, तर ती ही शिस्त.

‘अकरा महिने’ हा गैरसमज

अकरा महिन्यांचा करार केला म्हणजे नोंदणी करावी लागत नाही, ही समजूत सर्वत्र आढळते. १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा कमी मुदतीच्या पट्ट्याला तशी सवलत आहे, त्यातून ती रूढ झाली. परंतु १९९९ च्या अधिनियमाचे कलम ५५ सांगते की, भाडेकरार अथवा लिव्ह अँड लायसन्स करार, मुदत कितीही असो, लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद अथवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय लेखी नोंदणीकृत करार नसेल, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोटे ठरवण्याचा भार मालकावर येतो.

खर्चाचे कारणही टिकत नाही. लिव्ह अँड लायसन्स करारावर एकूण भाडे आणि परतीच्या अनामतीवरील १० टक्के दराने धरलेले व्याज, यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क लागते. तीन वर्षांसाठी महिना ९,००० रुपये भाडे आणि ५०,००० रुपये अनामत असेल, तर भाडे ३,२४,००० व व्याज १५,००० मिळून ३,३९,००० रुपये होतात. त्यावर शुल्क सुमारे ८५० रुपये. नोंदणी शुल्क धरूनही हा खर्च एका महिन्याच्या भाड्याच्या पाव हिश्श्याच्या आसपासच राहतो. आता ही नोंदणी आधार क्रमांक व अंगठ्याच्या ठशाच्या साहाय्याने ऑनलाइनही करता येते.

लिव्ह अँड लायसन्समध्ये एक भेद महत्त्वाचा आहे. राहण्यासाठी दिलेल्या जागेची मुदत संपल्यावर मालकाला कलम २४ नुसार सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन ताबा मागता येतो आणि जागा न सोडल्यास दुप्पट शुल्काची भरपाईही मागता येते. दुकानाच्या बाबतीत हा जलद मार्ग नाही. तेथे दिवाणी न्यायालयाचीच पायरी चढावी लागते. म्हणून दुकानाच्या करारातील अटी घराच्या करारापेक्षा अधिक बारकाईने लिहिल्या पाहिजेत.

अनामत की भाडे?

वाटाघाटीत सर्वाधिक ताणाताणी अनामत रकमेवरून होते. येथे भावनेपेक्षा आकडे उपयोगी पडतात. समजा, मालकासमोर दोन पर्याय आहेत : महिना ८,००० रुपये भाडे व २ लाख अनामत, अथवा महिना ९,००० रुपये भाडे व ५०,००० अनामत.

मालक अनामत रक्कम मुदत ठेवीत ठेवील. ७ टक्के व्याज धरल्यास २ लाखांवर महिन्याला सुमारे १,१६७ रुपये मिळतात. म्हणजे पहिल्या पर्यायात त्याचे खरे उत्पन्न ९,१६७ रुपये. दुसऱ्या पर्यायात ५०,००० वर सुमारे २९२ रुपये मिळून ९,२९२ रुपये होतात.

भाडेकरू मात्र व्यापारी आहे. त्याचा पैसा मालात फिरतो अथवा तो कॅश क्रेडिटवर १२ टक्क्यांनी घेतलेला असतो. त्याच्या दृष्टीने २ लाखांची अनामत महिन्याला २,००० रुपयांना पडते. पहिला पर्याय त्याला १०,००० रुपयांचा. दुसऱ्यात ५०,००० चे ५०० रुपये धरून ९,५०० रुपयांचा. म्हणजे कमी अनामत व थोडे अधिक भाडे यात मालकाला महिन्याला १२५ रुपये जास्त मिळतात आणि भाडेकरूचे ५०० रुपये वाचतात! दोघांचाही लाभ असणारा पर्याय समोर असताना केवळ ‘आपल्याकडे एवढीच अनामत घेतात’ या रिवाजामुळे तो सोडला जातो.

मालकाची सुरक्षिततेची चिंता यात सुटते का? पाच महिन्यांहून अधिक भाड्याइतकी अनामत हातात राहते. थकलेले भाडे, विजेचे बिल आणि किरकोळ नुकसान यांना ती सामान्यतः पुरी पडते. अर्थात व्याजाचे दर प्रत्येकाचे निराळे असतात. आपले दर घालून हा हिशेब दोघांनी एकाच कागदावर मांडावा.

कोणत्या अटी लिहाव्यात?

पहिली अट वाढीची. दरवर्षी ५ टक्के म्हटले, तर ८,००० चे दुसऱ्या वर्षी ८,४०० आणि तिसऱ्या वर्षी ८,८२० होतात. प्रत्येक वर्षाची रक्कम आकड्यात व अक्षरात लिहावी. ‘बाजारभावाप्रमाणे वाढ’ हे शब्द म्हणजे पुढच्या भांडणाचे बीज.

दुसरी अट करांची. घरपट्टी, पाणीपट्टी, वीज आणि जीएसटी कोणी भरायचा? १० ऑक्टोबर २०२४ पासून जीएसटी नोंदणी नसलेल्या मालकाकडून नोंदणीकृत व्यापाऱ्याने दुकान घेतल्यास भाड्यावरील १८ टक्के कर व्यापाऱ्यालाच भरावा लागतो. आपसमेळ योजनेतील, म्हणजे कंपोझिशनच्या व्यापाऱ्यांना १६ जानेवारी २०२५ पासून यातून वगळले आहे. ही बाब कराराआधी आपल्या कर सल्लागाराशी बोलून घ्यावी.

तिसरी अट दुरुस्तीची. पावसाळ्यात पत्रे गळून धान्याची पोती भिजली, तर हानी भाडेकरूची होते आणि छप्पर मालकाचे असते. छत, भिंती, मुख्य वायरिंग मालकाकडे. रंग, शटर, आतील फळ्या भाडेकरूकडे, अशी स्पष्ट विभागणी करावी. भाडेकरूने स्वखर्चाने केलेले फर्निचर जाताना नेता येईल की नाही, हेही लिहावे.

चौथी अट नावाची, आणि आपल्या कुटुंबांसाठी ही सर्वांत नाजूक. करार वडिलांच्या व्यक्तिगत नावे आहे की पेढीच्या? नवा भागीदार घेतला, तर मालक त्याला पोटभाडेकरू म्हणू शकतो आणि विनापरवानगी पोटभाडेकरू ठेवणे हे जागा खाली करून घेण्याचे कायदेशीर कारण आहे. भाऊ विभक्त झाल्यावर दुकान कोणाकडे राहील, याचा निर्णय घरात होतो. पण मालकाची लेखी संमती नसेल, तर तो अपुरा ठरतो. ज्या दुकानावर दोन घरांची चूल पेटते, ते अशा एका ओळीच्या अभावी हातचे जाऊ शकते.

पाचवी अट सोडण्याची. दोन्ही बाजूंनी सूचनेचा कालावधी किती, किमान मुदतीपूर्वी सोडता येईल का, अनामत ताबा दिल्यापासून किती दिवसांत परत मिळेल, हे सर्व आरंभीच ठरवावे. भाडे बँकेमार्फत द्यावे. रोख दिल्यास पावती घ्यावी. वाद झाला, तरी मालकाने वीज वा पाणी तोडू नये. कायद्याने त्यास मनाई आहे.

बोलणी कशी करावी?

चर्चेला बसण्यापूर्वी प्रत्येकाने तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात : आपल्याला काय हवे, काय चालेल आणि काय मुळीच चालणार नाही. मालकाला नियमित उत्पन्न हवे असते, भाडेकरूला स्थैर्य. त्यामुळे दीर्घ मुदतीच्या बदल्यात ठरलेली वाढ, हा बहुधा दोघांनाही मान्य होणारा सौदा असतो. जुन्या भाडेकरूने कायद्याचा आधार घेऊन ८०० रुपयांवर अडून राहण्यापेक्षा स्वतःहून रास्त वाढ देऊन, त्या बदल्यात नोंदणीकृत करार आणि मुलाच्या नावाला संमती मागावी. मालकानेही बाजारभावाचा पूर्ण आकडा एकदम न मागता तो तीन-चार टप्प्यांत विभागावा.

एखादे दोन्हीकडील विश्वासाचे ज्येष्ठ बरोबर असल्यास शब्दांना धार येत नाही. बोलणी पूर्ण झाल्यावर मुद्दे त्याच दिवशी कागदावर उतरवून दोघांनी वाचावेत आणि मग वकिलाकडे द्यावेत. आपल्या गावी व आपल्या जागेला भाडे अधिनियम लागू होतो की १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा, हे वकिलाकडून त्याच वेळी पाहून घ्यावे.

कागद मागितला की अविश्वास दाखवल्यासारखे वाटते, असे अनेकजण म्हणतात. वस्तुतः लिहून ठेवलेला शब्द हा दोन माणसांच्या हयातीनंतरही टिकणारा शब्द असतो. ज्यांच्यावर तो पाळण्याची वेळ येईल, त्या मुलांना आणि नातवंडांना तो वाचता यावा, एवढीच या कागदामागची इच्छा.