जॉर्ज हेरिमनची चित्रसृष्टि

वृत्तपत्राचें आयुष्य एका दिवसाचें. सकाळीं उत्सुकतेनें उघडलेला अंक संध्याकाळीं रद्दींत पडतो आणि त्यांतील विनोदी चित्रेंही त्याच्याबरोबर विस्मृतींत जातात. अमेरिकन वृत्तपत्रांनीं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत अशीं चित्रें अक्षरशः रोज छापलीं. त्यांपैकीं बहुतेकांचीं नांवें आज अभ्यासकांखेरीज कोणास ठाऊक नाहींत. जॉर्ज हेरिमन याची 'क्रेझी कॅट' ही चित्रमालिका मात्र याला अपवाद ठरली. ती १९४४ सालीं संपली. तथापि तिचे संग्रह पुनःपुन्हां निघतात व आवडीनें वाचले जातात. हा टिकाऊपणा तिला कशामुळें लाभला, हें पाहण्यासारखें आहे.

मालिकेचा जन्म जवळजवळ अपघातानें झाला. १९१० सालीं हेरिमन एका कुटुंबाच्या गमतींची निराळीच मालिका काढीत असे. त्या चित्रांच्या तळाशीं उरणारी जागा भरून काढण्यासाठीं त्यानें तेथें त्या घरांतलें मांजर आणून बसविलें व त्याच्यासमोर एक उंदीर उभा केला. उंदरानें मांजराला कांहींतरी फेकून मारलें, आणि या उलट्या न्यायाची वाचकांना गोडी लागली. १९१३ सालीं या जोडीला स्वतंत्र स्थान मिळालें आणि १९१६ पासून रविवारचें संपूर्ण पान.

कथानक दोन वाक्यांत सांगतां येईल. मांजराचें उंदरावर प्रेम आहे, इग्नाट्झ नांवाच्या त्या उंदराला मांजराचा मनस्वी तिटकारा आहे, आणि संधि मिळतांच तो त्याच्या डोक्यांत वीट हाणतो. पप नांवाचा पोलीस शिपाई, जो जातीनें कुत्रा आहे, मांजरावर मनांतून जीव टाकतो आणि उंदराला तुरुंगांत कोंडतो. तीस वर्षें बहुधा एवढेंच घडत राहिलें. परंतु त्या एका विटेचे अर्थ तीन आहेत. उंदीर ती द्वेषानें फेकतो. शिपायाच्या लेखीं तो गुन्हा ठरतो. मांजर तिला प्रेमाची खूण मानतें आणि ती आली नाहीं तर खिन्न होतें. तिघांपैकीं कोणालाच दुसऱ्याचें मन उमगत नाहीं. तें एकट्या वाचकाला दिसतें, आणि म्हणून तो हसतां हसतां थबकतो. मांजराला मूर्ख म्हणावें, तर त्या सृष्टींत मनापासून आनंदी तेंच एक आहे.

हें मांजर नर कीं मादी, असा प्रश्न वाचक विचारीत. इंग्रजींत सर्वनाम निवडावेंच लागतें. हेरिमन कधीं 'तो' लिही, कधीं 'ती'. तें एखाद्या यक्षासारखें आहे, दोहोंपैकीं कांहींच नाहीं, असा त्याचा खुलासा होता. मराठी वाचकाला ही अडचण भासणार नाहीं, कारण 'तें मांजर' असें म्हणण्याची सोय त्याच्या भाषेंत पूर्वीपासूनच आहे.

पात्रें स्थिर, पण भूमि अस्थिर, हें दुसरें वैशिष्ट्य होय. अॅरिझोना संस्थानांत कोकोनिनो नांवाचा परगणा खरोखरीच आहे. हेरिमननें तें नांव घेतलें व मॉन्युमेंट व्हॅलींतील तांबड्या खडकांचे सुळके आपल्या पानांवर आणले. त्या प्रदेशावर त्याचें निस्सीम प्रेम होतें. पात्रें एकाच जागीं बोलत असतां एका चौकटींतला डोंगर पुढच्या चौकटींत झाड होतो, दिवसाची रात्र होते. आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढीत नाहीं.

हा प्रकार अनेक संपादकांना रुचला नाहीं. वृत्तपत्रांचा धनी विल्यम रँडॉल्फ हर्स्ट याला मात्र तो अत्यंत प्रिय होता, व त्याच्याच आश्रयानें मालिका चालू राहिली. रसिकांनींही तिची कदर केली. १९२२ सालीं न्यूयॉर्क येथें तिच्यावर एक नृत्यनाट्य झालें. १९२४ सालीं गिल्बर्ट सेल्डिस या समीक्षकानें लोककलांवरील आपल्या ग्रंथांत तिला मानाचें स्थान दिलें.

हेरिमनच्या मृत्यूनंतर सत्तावीस वर्षांनीं, १९७१ सालीं, या चित्रांवर निराळाच प्रकाश पडला. तो १८८० सालीं न्यू ऑर्लिन्स येथें जन्मला होता, आणि तेथील जन्मनोंदींत त्याचा वर्ण 'कलर्ड', म्हणजे गौरेतर, असा आढळला. त्याच्या लहानपणीं कुटुंब लॉस एंजलीसला गेलें. पुढें तो गोरा म्हणूनच वावरला. आगगाडींत वर्णानुसार निराळे डबे ठेवणें कायदेशीर आहे, असा निकाल ज्या खटल्यांत १८९६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें दिला, तो न्यू ऑर्लिन्समधूनच उद्भवला होता. खरा वर्ण उघड होता, तर गोऱ्यांच्या वृत्तपत्रसृष्टींत त्याला हें स्थान मिळणें दुरापास्त होतें. एका पानावर काळें मांजर सौंदर्यप्रसाधनगृहांतून पांढरें होऊन बाहेर पडतें, उंदीर त्याच्यावर लुब्ध होतो, आणि ओळख पटतांच पुन्हां वीट येते. पूर्वी नुसती गंमत वाटणारें हें पान आतां वाचकाला अस्वस्थ करितें. मात्र सर्व मालिका या एका गुपिताची किल्ली लावून उघडूं पाहणें योग्य नव्हे. नोंद सांपडण्यापूर्वीच्या वाचकांनाही त्या मांजराचा लळा लागलाच होता.

चित्रकार वारला कीं मालिका दुसऱ्याच्या हातीं सोंपवावी, असा त्या धंद्याचा रिवाज. हेरिमन २५ एप्रिल १९४४ रोजीं वारला, तेव्हां तो रिवाज पाळला गेला नाहीं. त्यानें पुरीं करून ठेवलेलीं पानें तेवढीं छापलीं गेलीं. त्यांपैकीं २५ जून रोजींच्या अखेरच्या पानावर शिपाई पप मांजराला पाण्यांतून उचलून आणतांना दिसतो.