कुंपणच शेत खाते तेव्हा

मार्च 2020 मध्ये सांगली जिल्ह्यात इस्लामपूर येथे कोविडचे रुग्ण प्रथम आढळले आणि पुढील काही महिन्यांत ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ या घोषणेने शहरांप्रमाणेच पलूससारखी तालुक्याची गावेही व्यापली. काढे, चूर्णे आणि गोळ्या यांचा खप वाढला. मागणी निर्माण झाली की पुरवठा धावून येतो, ही बाजाराची रीतच आहे. तथापि या साऱ्या व्यवहारामागे एक गृहीत होते: प्रतिकारशक्ती जितकी अधिक तितकी बरी. रुग्णालयांत जे दिसले ते मात्र याहून निराळे होते.

विषाणू श्वसनमार्गात शिरला म्हणजे बाधित पेशी इंटरफेरॉन नावाची द्रव्ये सोडून शेजारच्या पेशींना सावध करतात. हा पहिला पहारा वेळेवर जागा झाला, तर आजार बहुधा थोडक्यात आटोपतो. तो ढिला पडला तर विषाणू निर्वेधपणे वाढतो आणि उशिरा जागी झालेली यंत्रणा सर्व बळानिशी फुफ्फुसावर तुटून पडते. सायटोकाइन ही निरोप्याचे काम करणारी द्रव्ये वाढतात. पांढऱ्या पेशींच्या झुंडी वायुकोशांभोवती जमतात. त्यांपैकी न्यूट्रोफिल पेशी जंतूंना अडकविण्यासाठी आपल्याच केंद्रकातील धाग्यांची जाळी टाकतात. त्या जाळ्यांत रक्त गोठून सूक्ष्म वाहिन्या तुंबतात, वायुकोशांच्या नाजूक भिंती झिरपू लागतात आणि आत द्रव साचतो. रोग्याचा श्वास कोंडतो तो पुष्कळदा अशा वेळी, की जेव्हा विषाणूचा स्वतःचा जोर ओसरू लागलेला असतो. कुंपणानेच शेत खावे, तसा हा प्रकार होय. अत्यवस्थ रुग्णांपैकी सुमारे दहा टक्क्यांच्या शरीरात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिद्रव्ये असल्याचे 2020 मध्येच आढळून आले. म्हणजे शेवटच्या अतिरेकाचे मूळ कित्येकदा आरंभीच्या दुबळेपणात असते.

हा अनुभव सर्वस्वी नवा नव्हे. 1918 च्या इन्फ्लुएंझाने मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक बळी घेतले आणि त्यांत वीस ते चाळीस वयाच्या धडधाकट माणसांचा भरणा मोठा होता. याची कारणे अनेक आहेत. मागाहून जडणारा जिवाणूजन्य न्यूमोनिया हे त्यांतील एक मोठे कारण. परंतु 2007 मध्ये त्या विषाणूची पुनर्रचना करून माकडांवर प्रयोग झाले, तेव्हा त्यांच्या फुफ्फुसांतही प्रतिकाराची हीच बेबंद धावपळ दिसून आली.

उपचाराचा प्रश्न येथूनच अवघड होतो. जून 2020 मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या चाचणीचे निष्कर्ष जाहीर झाले. डेक्सामेथासोन हे जुने, काही रुपयांत मिळणारे स्टेरॉइड रोज सहा मिलिग्रॅम दिल्याने कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने, तर केवळ प्राणवायूवर असलेल्यांचे सुमारे एकपंचमांशाने घटले. महागड्या औषधांसाठी नातेवाइकांनी जमीनजुमला गहाण टाकण्याच्या त्या दिवसांत ही वार्ता दिलासा देणारी होती. किंमत आणि उपयुक्तता या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचा इतका स्पष्ट दाखला क्वचितच मिळतो.

पण त्याच चाचणीने आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती पुरेशी ऐकली गेली नाही. ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती, त्यांना या औषधाचा लाभ झाला नाही. उलट अपायाची शक्यता नाकारता आली नाही. ते साहजिकही आहे. विषाणू वाढत असताना पहारेकऱ्यालाच झोपविण्यात कोणते शहाणपण? तरीही 2021 च्या लाटेत स्वस्त आणि सहज मिळणारे हे औषध पुष्कळांनी घरच्या घरी, ऐकीव माहितीवर आणि तापाच्या पहिल्याच दिवसांत घेतले. स्टेरॉइडने रक्तातील साखर वाढते. मधुमेह आणि स्टेरॉइडचा अविवेकी वापर एकत्र आले, तेथे काळ्या बुरशीने मुसंडी मारली. या रोगाची सर्वाधिक झळ बसलेल्या राज्यांत महाराष्ट्र होता. कित्येकांनी कोविडमधून सुटून डोळा किंवा जबडा गमावला.

यातून तालुक्याच्या गावाने काय घ्यावे? अत्यवस्थ रुग्णाला पलूसहून सांगली-मिरजेची वाट धरावी लागते. तो केव्हा निघतो, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. श्वास अपुरा पडत असल्याची जाणीव रुग्णाला होण्यापूर्वीच रक्तातील प्राणवायू घटू लागलेला असू शकतो. तो बोटाला लावलेल्या छोट्या यंत्राने कळतो. सप्टेंबर 2020 मधील ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत हीच मोजणी दारोदार झाली होती. त्या मोजणीने औषधाच्या बाटलीइतकी हमी वाटत नाही, म्हणून तिचे मोल कमी ठरत नाही. किंबहुना स्टेरॉइड केव्हा द्यावे आणि केव्हा देऊ नये, हे ठरविण्याचा आधारच ती मोजणी आहे.

साथ ओसरली की यंत्रे कपाटात जातात आणि मोजणाऱ्या आशा सेविकांचा विसर पडतो. पुढील विषाणू कोणता असेल हे सांगता येत नाही. परंतु त्याही वेळी बाजार ‘अधिक शक्ती’ विकावयास येईल, यात शंका नाही. शरीराला हवी असते ती वेळेवर जागी होणारी आणि वेळेवर थांबणारी शक्ती. ती बाटलीत मिळत नाही. लसीकरण, मधुमेहावर नियंत्रण, प्राणवायूची मोजणी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याविना स्टेरॉइड न घेण्याचा निर्धार, हे तिला साहाय्य करण्याचे साधे मार्ग आहेत. ते साथीपूर्वीच अंगवळणी पडावयास हवेत.