भंगारातली कारागिरी – ६ : डायल झाला कीबोर्ड

गेल्या आठवड्यात काळ्या फोनचं झाकण काढून घंटी आणि रिसीव्हर बाजूला ठेवले होते. आज डायलची पाळी. तुमचा फोन बहुधा बंगळुरूच्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजचा असेल. १९४८ पासूनचा हा कारखाना, आणि त्याचे डायल अजूनही ठणठणीत असतात.

डायल उलटा धरा. मागे पितळी पत्त्यांच्या जोड्या दिसतील. सात आकड्यात बोट घालून फिरवा आणि सोडा. डायल परत येताना एक जोडी सात वेळा उघडते-मिटते. शून्याला दहा वेळा. सगळी मोजणी परतीच्या वाटेवर होते, त्यामुळे तुम्ही घाईने फिरवा की रमतगमत, वेग ठरलेलाच : सेकंदाला साधारण १० ठोके. तो सांभाळतो छोटा गव्हर्नर. त्यातली वजनं फिरता फिरता बाहेर फाकतात आणि घासून गतीला आवर घालतात. त्याला तेल पाजू नका, डायल सुसाट सुटतो. जुन्या स्ट्राउजर एक्स्चेंजमध्ये या प्रत्येक ठोक्याला यंत्राचा दांडा एकेक पायरी चढायचा. आपल्याला पायऱ्या नकोत, नुसती मोजणी हवी.

मल्टिमीटर कंटिन्युइटीवर लावा. डायल स्वस्थ असताना जी जोडी सतत बीप देते आणि परतताना तुटक वाजते, ती ठोक्यांची. जी डायल हलला की बदलते आणि जागेवर आला की पूर्ववत होते, ती दुसरी. आकडा संपल्याची खूण तीच देते.

बोर्ड आर्डुइनो लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो घ्या. त्यांची चिप स्वतःच यूएसबी कीबोर्ड बनते. उनोला ते सहज जमत नाही. प्रत्येक जोडीचं एक टोक पिनला, दुसरं ग्राउंडला, आणि पिनचा अंतर्गत पुल-अप चालू. प्रोग्रॅम चार ओळींचा हिशेब : डायल हलला की मोजणी शून्य, पहिली जोडी उघडली की एक मिळवा, डायल थांबला की आकडा पाठवा, दहा आले तर ०.

खरी गंमत पत्तीच्या थरथरीत आहे. मिटताना ती क्षणभर नाचते आणि ३ चे ५ होतात. एका बदलानंतर २० मिलिसेकंद कानाडोळा करायला सांगा, नाच थांबतो. परदेशी फोन असेल तर मात्र सावध : स्वीडनच्या डायलवर शून्याला एकच ठोका, न्यूझीलंडच्या डायलवर आकडे उलटे, ९ ला एक ठोका.

हिशेबाच्या कामाला हा कीबोर्ड निरुपयोगी आहे. ओटीपी टाकायला घेतलात तर मुदत संपायची भीती. पण पासकोड किंवा आवाजाची पातळी ठरवायला तो झकास चालतो.

पुढच्या भागात रिसीव्हर ठेवल्यावर ‘एंटर’ कसं जाईल ते पाहू. तोवर डायलच्या वायरी कापू नका, स्क्रू ढिले करून सोडवा. आणि फोन चालू लाइनला जोडलेला असेल तर आधी तो काढा. लाइनवर जवळपास ५० व्होल्ट असतात, घंटी वाजताना त्याहून अधिक.